रविवारचा रस्ता

परवा कंपनीत हेल्थ चेकअप झाला. आमच्या टीममधल्या चौघांच्या रिपोर्टवर एकच शेरा - शुगर बॉर्डरलाइन. वयं तीस ते पस्तीस. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास चाला." मी विचारलं, "कुठे?" ते नुसतेच हसले. माझ्या घरासमोरच्या फुटपाथवर बाइक्स, पावभाजीची गाडी आणि चार महिन्यांपूर्वी खणलेला खड्डा आहे. त्यातून उरलेल्या जागेत मी चालायचं.

तर ह्या "कुठे?"चं एक झकास उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच एका शहराने दिलंय. आणि ते शहर लंडन किंवा न्यूयॉर्क नाही, कोलंबियाची राजधानी बोगोटा आहे!

१५ डिसेंबर १९७४. अमेरिकेत शिकून परतलेला हाइमे ओर्तिस मारिन्यो नावाचा आर्किटेक्ट आणि त्याचे सायकलवेडे मित्र ह्यांनी शहरातले दोन मोठे रस्ते दोन-तीन तास मोटारींना बंद करून घेतले. सुमारे पाच हजार लोक रस्त्यावर उतरले. मधुमेह, रक्तदाब वगैरे काही कुणाच्या डोक्यात नव्हतं. गाड्यांनी शहर गिळलंय, ते थोडं परत मागायचं, एवढंच. ह्यालाच पुढे 'सिक्लोव्हिया' हे नाव पडलं.

गोष्ट इथेच संपली असती, तर आपल्याला ती कळलीही नसती. पण १९७६ मध्ये महापौरांनी अधिकृत हुकूम काढला. तरीही मधली बरीच वर्षं उपक्रम रखडतच चालला. १९९५ च्या सुमारास तो ट्रॅफिक खात्याकडून शहराच्या क्रीडा आणि मनोरंजन संस्थेकडे आला आणि चित्र पालटलं. काही किलोमीटरचे रस्ते होते, ते शंभराच्या वर गेले. आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत लाखो लोक तिथे सायकल चालवतात, पळतात, किंवा आजीला घेऊन नुसते फिरतात. चौकाचौकात गणवेशातली तरुण मुलं-मुली वाहतूक सांभाळतात. बागांमध्ये फुकट एरोबिक्सचे वर्ग भरतात. जिमची फी परवडणार नाही अशांचं हे जिम.

आता आंतरराष्ट्रीय भाग. मदत श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे वाहते, अशी आपली ठाम समजूत. इथे गंगा उलटी वाहिली. २००५ साली पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनच्या पाठिंब्याने अशा शहरांचं नेटवर्क उभं राहिलं. बोगोटातलं लोस आंदेस विद्यापीठ आणि अमेरिकेची सीडीसी ह्यांनी मिळून चक्क मॅन्युअल लिहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड बोगोटाचा, टेस्टिंग आणि डॉक्युमेंटेशन सगळ्यांचं! २००८ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोने हाच प्रयोग आपल्या रस्त्यांवर केला.

२०१२ च्या एका अभ्यासाने हिशोबही मांडला. बोगोटात दर माणशी वर्षाला खर्च सुमारे ६ डॉलर, सॅन फ्रान्सिस्कोत ७० च्या वर. बोगोटात खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे आरोग्याचा फायदा ३ ते ४ डॉलरचा. कारण सरळ आहे. वर्षातून मोजक्या वेळा केलं की दर वेळी सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागते. दर आठवड्याला केलं की यंत्रणा तयार असते आणि लोकांनाही सवय लागते.

भारतातही ही लाट आली. नोव्हेंबर २०१३ मध्ये गुडगावात राहगिरी सुरू झाली. पुढच्या वर्षी मुंबईत लिंकिंग रोडवर 'इक्वल स्ट्रीट्स' झालं. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्ता एक दिवस फक्त चालणाऱ्यांचा झाला. मस्तच! पण एक दिवसाचा रस्ता म्हणजे डेमो. क्लायंट खूश, टाळ्या, आणि सोमवारी पुन्हा जैसे थे. डेमो तर बोगोटानेही १९७४ मध्ये दिला होता. तो प्रॉडक्शनमध्ये गेला तो एका खात्याने जबाबदारी घेतली तेव्हा, आणि त्याला वीस वर्षं लागली. बाहेरच्या संस्थांनी मोजमाप केलं, मॅन्युअल दिलं. रस्ता मात्र शहरालाच मोकळा करावा लागला.

असो. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलंय. तोवर मी सकाळी सहाला, गाड्या जाग्या व्हायच्या आत, रस्त्याच्या मधूनच चालतोय. आणि येत्या निवडणुकीत मत मागायला कुणी दारात आलं, की डॉक्टरांना विचारलेला प्रश्नच विचारणार आहे - कुठे?