डब्यावरचा त्रिकोण

आमच्या गोरेगाव भागात कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही, 'औषध' म्हणतात. सोयाबीनला औषध, तुरीला औषध, हळदीलाही. त्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण कोणी आणि कशावरून ठरवला, याचा माग काढताना मी आधी केरळात पोचलो. १९५८ साली तिथे वाहतुकीत पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. चौकशी आयोग बसला, पुढे १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम आले. म्हणजे आपल्या कायद्याचे मूळ पोटात गेलेल्या विषात आहे.

मोजमाप मात्र त्याहून जुने. निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा धरायची, ही युक्ती १९२७ मध्ये इंग्लंडात ट्रेव्हन यांनी काढली. आपल्या नियमांच्या तक्त्यात तिचे दोनच रकाने आहेत, तोंडावाटे आणि त्वचेवाटे. वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत तोंडावाटे दिल्याने निम्मे मेले तर लाल त्रिकोण. त्वचेसाठी हीच मर्यादा २००, चौपट सैल. श्वासाला रकानाच नाही.

वाट बदलली की विषाचा प्रवासही बदलतो. पोटातून शोषलेले विष आधी यकृतात जाते. तिथे मॅलाथिऑनचा बराचसा भाग निष्प्रभ होतो, पॅराथिऑन उलट अधिक जहाल बनते. श्वासातून आलेल्याला हा नाका लागत नाही. फुप्फुसातल्या भक्षकपेशी आणि त्वचेतल्या पहारेकरी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहिल्या चौक्या, त्याला थेट सामोऱ्या जातात.

मरण मोजणाऱ्या तक्त्यात ही प्रतिकारशक्ती कुठेच येत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांना मेंढीच्या रक्तपेशी टोचून प्रतिपिंडे किती बनतात ते पाहिले. विषबाधेची लक्षणे दिसण्याइतकी मात्रा दिल्यावर ती घटली. पुढच्या दशकात मॅलाथिऑनच्या प्रयोगांत वेगळेच दिसले. तोंडावाटे दिलेल्या अल्प मात्रेने, लक्षणे नसतानाही, उंदरांच्या भक्षकपेशी चेतवल्या गेल्या आणि मास्ट पेशी फुटल्या. खाज आणि सूज आणणारे हिस्टामिन याच पेशींत असते. जास्त मात्रेत दबणे, कमी मात्रेत चेतणे, हे एका त्रिकोणात कसे मावावे?

आता शेजारच्या यवतमाळकडे पाहू. २०१७च्या पावसाळ्यात तिथे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, म्हणून नोझल वर धरावे लागे आणि तुषार तोंडावर येत. कपडे भिजत ते वेगळेच. आपल्या उकाड्यात मास्क आणि रबरी हातमोजे घालून दिवसभर फवारा म्हणणाऱ्याने एकदा स्वतः पंप पाठीवर घ्यावा, असे मला वाटते.

त्वचेच्या चाचणीत उंदराची पाठ भादरून साधारण दहा टक्के अंगावर रसायन लावतात आणि चोवीस तास ठेवतात. तोंडावाटेची चाचणी वेगळ्या उंदरांवर होते. फवारणाऱ्याच्या नाकात, कातडीवर आणि तंबाखू मळलेल्या हातावाटे तोंडात ते एकाच दुपारी जाते.