आठ दिवस, आठ रात्री : जिनातल्या बाया आणि आपला थकवा



चातुर्मासात आमच्या महिला मंडळात एक विषय निघाला होता. दुपारी सामायिकात डोळा लागतो, सकाळी उठल्यावरच अंग जड असते, कशात मन लागत नाही. हा प्रमाद की थकवा? एक भाभी म्हणाल्या, प्रमादच, दुसरे काय! बाकीच्या गप्प बसल्या. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्यामुळे उत्तर शोधायला मागे गेले, आणि गेले ती थेट आपल्या जळगावच्या कापसापर्यंत.

आधी शब्द पाहू. मराठीत आपण दमतो, भागतो, थकतो, गळून जातो. दमलेला माणूस घोटभर पाणी पिऊन, भिंतीला टेकून बसला की पुन्हा उठतो. शीण तसा नसतो, तो झोपून उठल्यावरही राहतो. आणि उबग आला की काम समोर दिसले तरी हात जात नाही, मग अंगात ताकद असो वा नसो. आपल्या आज्या हे शब्द वेगवेगळे वापरत. आपण सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणून मोकळ्या होतो.

आता जिनाकडे. (आपल्या घरात हा शब्द दोन अर्थांनी येतो, देवघरात एक आणि बाजारात एक. आज बाजारातला.) पूर्वी सरकी काढायचे काम घरोघरी चरकीवर व्हायचे आणि ते बायकांचे होते. १८६० नंतर खान्देशात रेल्वे आली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध १८६५ ला संपले, भाव उतरले, पण रेल्वे राहिली, व्यापार राहिला. वाफेवर चालणारी जिने आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. जळगाव वाढले ते यावर. मालकांत मुंबईच्या कंपन्या होत्या, तसे आपल्यासारखे व्यापारीही होते. माझ्या सासरीही आजेसासऱ्यांच्या काळापर्यंत कापसाची आडत होती, म्हणून हे सगळे मला परके वाटत नाही.

जिनात यंत्रांची रांग असते. प्रत्येक यंत्रापुढे एक बाई, शेजारी कापसाचा ढीग. ती हाताने कापूस भरत राहते, रुई एका बाजूला पडते, सरकी खाली. काम जड नाही, पण थांबता येत नाही, कारण यंत्र थांबत नाही. हवेत रुईची बारीक तुसे, नाकातोंडात, पापण्यांवर. आणि आवाज इतका की शेजारणीशी बोलता येत नाही.

इथे मला बहिणाबाई आठवतात. १८८० मध्ये जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेल्या, म्हणजे याच जिनांच्या भरभराटीच्या काळातल्या. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांना गाणी सुचली. त्यांचे कष्ट काही कमी नव्हते, तिशीतच वैधव्य आले. पण जात्याचा वेग बाईच्या हातात असतो. दमली तर ती खुंटा सोडते, पदराने घाम पुसते, पुन्हा धरते. जिनात वेग इंजिनाचा. तिथे ओवी कुठून सुचणार?

मुंबई सरकारने १८८४ साली गिरणी-कारखान्यांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमले. त्यापुढे फॅक्टरी इन्स्पेक्टर राहिलेल्या जोन्स नावाच्या साहेबांनी खान्देशातल्या जिनांची हकिगत सांगितली. एरवी काम पहाटे चार-पाचला सुरू होई आणि रात्री सात, आठ, कधी नऊला सुटे. जेवायची ठरलेली सुट्टी नाही. मार्च-एप्रिलच्या घाईत जिने रात्रंदिवस चालत आणि माणसे तीच. संध्याकाळी अर्धा तास विसावा, की पुन्हा यंत्रापुढे. असे सुमारे आठ दिवस. त्यापुढे ती माणसे चालूच शकत नसत, म्हणून मुंबईहून दुसरी आणावी लागत. मजुरी दिवसाला तीन-चार आणे.

त्या साक्षीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. या लोकांकडे घड्याळ नव्हते. उशीर होईल या धास्तीने ते पहाटे तीनलाच येऊन दाराबाहेर बसून राहत. म्हणजे जो काय तासभर डोळा लागला असता, तोही धास्तीने खाल्ला. शरीराचा थकवा आणि मनाचा थकवा असे दोन कप्पे आपण करतो, पण त्या दाराबाहेर बसलेल्या बाईचा थकवा कोणत्या कप्प्यात घालणार?

मार्च-एप्रिलच का? कारण पावसाआधी गाठी मुंबईला पोचायला हव्यात. आपल्याकडचे पापड, कुरडया, बिबड्या त्याच दिवसांत का होतात, तेच कारण. उन्ह मिळाले पाहिजे आणि पाऊस यायच्या आत डबे भरले पाहिजेत.

तुम्ही म्हणाल, कायदा नव्हता का? होता. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा होता. पण त्यात मोठ्या माणसांच्या तासांना मर्यादाच नव्हती, फक्त लहान मुलांची सोय होती. तीही शंभर माणसे असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरती. जिने हंगामी, त्यामुळे ती कायद्याच्या व्याख्येतच बसत नव्हती. जिथे सर्वांत जास्त राबवत होते, तेच ठिकाण ‘कारखाना’ नाही असे ठरले.

त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनपुढे दिला. मागण्या साध्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंत. सूर्यास्त हा शब्द वाचताना मी थबकले. चौविहार करणाऱ्या आपल्या घरांत सूर्यास्ताला चूल विझते. जिनातल्या बाईला त्या वेळी जो अर्धा तास मिळे, तो विसाव्याचा, आणि त्यानंतर पूर्ण रात्र बाकी.

१८९१ च्या कायद्याने बायकांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले. हंगामी कारखाने मात्र १९११ पर्यंत बाहेरच राहिले. १९३४ च्या कायद्यातही इतर कारखान्यांना दिवसाला दहा तास, हंगामींत पुरुषांना अकरा. हा भेद संपला तो १९४८ साली, स्वातंत्र्यानंतर : सगळ्यांना दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पहिल्या कायद्यापासून सदुसष्ट वर्षे लागली.

गंमत पाहा, १८९१ सालीच इटलीत तुरीनच्या अँजेलो मोस्सो या शास्त्रज्ञाने थकव्यावर पुस्तक छापले. त्याने एक यंत्र बनवले होते. बोटाला वजन बांधायचे, बोट वाकवून ते उचलत राहायचे आणि उचल किती कमी होत जाते त्याची रेघ कागदावर उमटवायची. त्याचा सहकारी माज्जोरा याच्यावरच्या प्रयोगातून दोन गोष्टी निघाल्या. पंधरा वेळा वजन उचलल्यावर बोट पूर्ववत व्हायला अर्धा तास पुरत होता. तीस वेळा उचलल्यावर एक तास पुरेल असे आपल्याला वाटते, पण दोन तास लागत. थकल्यावर केलेले काम दुप्पट-चौपट विश्रांती मागते. दुसरी गोष्ट अशी, की माज्जोरा दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आला, बोटाने काहीच केले नव्हते, तरी बोटाची ताकद घटलेली होती. डोके थकले की हातही थकतो. तो प्रमाद नव्हे.

आता आपल्या शास्त्राकडे येते. पहिल्या अणुव्रताचे, म्हणजे अहिंसेचे, पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात रोज म्हणतो. बंध, वध, छविच्छेद हे तीन ऐकताच हिंसा वाटतात. उरलेले दोन म्हणजे अतिभार आणि अन्नपाण्याचा निरोध. लहानपणी धुळ्याच्या स्थानकात आम्हाला बैलाचे उदाहरण देत : गाडीत जास्त पोती भरू नका, बैलाला वेळेवर चारा-पाणी द्या. बरोबरच आहे. पण तत्त्वार्थसूत्रातही हेच पाच अतिचार आहेत आणि ते फक्त जनावरापुरते मर्यादित नाहीत. आठ दिवस तीच माणसे, जेवायची सुट्टी नाही : यात चौथा आणि पाचवा अतिचार दोन्ही आले. कापसाचा व्यवहार करणाऱ्या किती घरांत त्या काळी संध्याकाळी प्रतिक्रमण होत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांना बैल दिसत होता, बाई व्याख्येत बसत नव्हती.

कोणी म्हणेल, आपणही अठ्ठाई करतो, आठ दिवस उपवास. तेव्हा शरीर थकत नाही का? थकते. पण अठ्ठाईत पच्चक्खाण आपण स्वतः घेतो. उकळलेले पाणी कोणी हातात देते, साता विचारायला दहाजणी येतात, पाय चेपणारी नणंद असते. आणि झेपले नाही तर महासतीजीच थांब म्हणतात. जिनातल्या आठ दिवसांत यातले काहीच नव्हते. त्याला तप म्हणून गौरवू नये, आणि उपाशी राहून अख्ख्या घराच्या पारण्याचा स्वयंपाक एकटीने रेटणाऱ्या सुनेच्या थकव्यालाही नाही.

कारण व्याख्येतून सुटण्याचा प्रकार अजून संपलेला नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ची नोंद केली, पण फक्त नोकरी-व्यवसायातल्या ताणासाठी. घरकाम त्यात नाही. त्याच वर्षी आपल्या सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाचे ९७. त्यातही कोणाचे औषध संपले, कोणाचा डबा, उद्या कोणाची तिथी, हे डोक्यात चालू असलेले दळण त्या मिनिटांत मोजलेले नाही. माज्जोराचे बोट आठवा.

आणखी एक, अगदी व्यवहाराचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. आपण शाकाहारी, दूधही अनेकजणी चहापुरतेच घेतो, त्यामुळे बी-१२ कमी असण्याची शक्यता आपल्यात जास्त. थायरॉईडनेही अशीच मरगळ येते. भाभींना मी एवढेच सांगितले की प्रमाद ठरवण्याआधी रक्त तपासून घेऊ. पुढच्या आठवड्यात आम्ही अकराजणी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन आलो. सातजणींचे हिमोग्लोबिन दहाच्या खाली निघाले. त्यात भाभीही होत्या.