पाळण्यांतील मूल आणि महामारी

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मूल जन्माला आलें म्हणजे पांचव्या दिवशीं पांचवी पूजण्याची आणि सहाव्या रात्रीं सटवीसाठीं दिवा तेवत ठेवण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्या रात्रीं सटवाई येते आणि अर्भकाच्या कपाळीं त्याचें प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत. या समजुतीच्या बुडाशीं फार कटु अनुभव होता. नाळ अस्वच्छ हत्यारानें कापली जाई, जखमेंतून धनुर्वाताचें विष अंगांत भिने आणि मूल याच दिवसांत दगावे. भयाचे दिवस लोकांनीं अचूक ओळखले होते. भयाचें कारण मात्र ओळखलें नव्हतें.

पुढें शास्त्रानें कारण सांगितलें, आणि त्याबरोबरच दुसरीहि एक गोष्ट दाखवून दिली. जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं दिवसांत मुलाच्या जीविताचाच नव्हे, तर त्याच्या बुद्धीचा, दृष्टीचा आणि वाणीचाहि निकाल लागत असतो. १९३४ सालीं नॉर्वेमधील फॉलिंग या वैद्यानें असें दाखविलें कीं, कांहीं मतिमंद मुलांच्या शरीरांत अन्नांतील एक घटक पचत नाहीं आणि त्यामुळें मेंदू निकामी होतो. जन्मतःच ओळख पटली, तर केवळ आहार बदलून तें मूल वाचवितां येतें. परंतु ओळखावयाचें कसें? अमेरिकेंतील रॉबर्ट गथ्री या शास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यास उत्तर शोधलें. अर्भकाच्या टाचेंतून रक्ताचे कांहीं थेंब टिपकागदावर घ्यावयाचे आणि तो कागद टपालानें प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा, इतकी ती रीत सोपी होती. गथ्रीचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, ही गोष्ट त्याच्या धडपडीचें मर्म सांगून जाते. भारतांत बंगळूर येथें १९८० सालीं अशा तपासणीचा मोठा प्रयोग सुरू झाला. आणि २००८ सालीं गोव्यानें ती राज्यभर करण्याचा पहिला उपक्रम हातीं घेतला.

महाराष्ट्राचा वाटाहि यांत लहान नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत अभय व राणी बंग या दांपत्यानें ३९ गांवांत साध्या शिकलेल्या स्त्रियांकडून घरोघर नवजात अर्भकें तपासविलीं आणि नवजातांच्या मृत्यूंचें प्रमाण निम्म्याहूनहि खालीं आणून दाखविलें. १९९९ सालीं हें वृत्त जगापुढें आलें. बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जाण्याचा ‘आशा’ कार्यकर्तीचा आजचा परिपाठ त्याच अनुभवांतून सिद्ध झालेला आहे. पुढें फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. दुभंगलेला ओठ वा टाळू, वाकडे पाऊल, खुब्याचा निखळलेला सांधा, मणक्याचा दोष, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष अशा नऊ जन्मजात व्यंगांची पाहणी प्रसूतीच्या जागींच व्हावी, आणि तेथें नजरेंतून सुटलें तें आशाच्या भेटींत, अंगणवाडींत किंवा शाळेंत फिरत्या वैद्यकीय पथकानें पकडावें, अशी ही योजना. एका चाळणींतून निसटलेला दाणा दुसरींत सांपडावा, तशी ही मांडणी होती.

अशी ही व्यवस्था चालू असतां २०२० सालची महामारी आली. तिनें या चाळण्यांचें काय केलें, हें पाहण्यास जळकोटसारखा तालुका योग्य. लातूर जिल्ह्याच्या टोकास, नांदेडच्या सीमेला लागून असलेला हा डोंगराळ मुलूख. गांवें लहान, तांडे दूरदूर. पोटासाठीं मुंबई, पुणें, हैदराबाद गाठणारीं वा ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें पुष्कळ. मूल जन्मलें तर त्याचें वजन करणें, ओठ-टाळू-पाय पाहणें हें जवळच्या केंद्रांत होतें. परंतु कानाची यंत्रानें परीक्षा, हृदयाची वा दृष्टिपटलाची तपासणी यांसाठीं उदगीर, लातूर किंवा नांदेड गाठावें लागतें.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. शाळा आणि अंगणवाड्या मिटल्या, म्हणून तेथील तपासणी आपोआप थांबली. ठिकठिकाणच्या फिरत्या पथकांतील वैद्य व परिचारिका साथीच्या कामाकडे वळविल्या गेल्या. मोठ्या रुग्णालयांतील खाटा तापाच्या रोग्यांनीं भरल्या, आणि तेथें तान्हें मूल घेऊन जाण्यास आईबाप धजेनात. प्रसूति झाली कीं लवकरांत लवकर घर गाठावें, ही बाळंतिणीच्या माणसांची घाई स्वाभाविक होती. परंतु टाचेचें रक्त फार लवकर घेतलें तर निदान चुकतें आणि न घेतलें तर होतच नाहीं. आशा घरोघर जातच होत्या. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेंत महाराष्ट्राच्या दारोदार माणूस पोंचला. पण विचारावयाचें होतें तें तापाविषयीं, मोजावयाचा होता तो रक्तांतील प्राणवायु. पाळण्यांतील मुलाच्या कानाची चौकशी त्या कागदावर नव्हती.

येथें एक साधा हिशेब मांडून पाहावा. बहिरेपणाची तपासणी पहिल्या महिन्यांत, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. कारण ऐकल्यावांचून भाषा उगवत नाहीं. टाळेबंदीच्या पहिल्या दिवशीं जळकोटच्या एखाद्या तांड्यावर जन्मलेल्या मुलाचा पहिला महिना २५ एप्रिलला आणि तिसरा २५ जूनला संपला. जिल्ह्याबाहेर जाणारी एस. टी. मात्र २० ऑगस्टला सुरू झाली. म्हणजे शेजारचें नांदेड त्याच्यासाठीं जवळजवळ पांच महिने दूर होतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची गोष्ट याहूनहि कठीण. त्याच्या दृष्टिपटलाची परीक्षा तीस दिवसांच्या आंत व्हावी लागते, आणि ती संधि गेली तर दृष्टि जाण्याचें भय असतें. आजाऱ्यासाठीं प्रवासाचा परवाना मिळे, हें खरें. पण दूध पिणारें, हातपाय हलविणारें, हसणारें मूल आजारी आहे, असें कोण म्हणेल? तपासणीचा सारा अर्थच हा कीं, जें आजारी दिसत नाहीं त्याला पाहावें.

१९१८ सालच्या ‘मानमोडी’च्या साथीशीं ताडून पाहिलें म्हणजे या हानीचें वेगळेपण ध्यानांत येतें. त्या वेळीं हिंदुस्थानांत एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसें मेलीं, असा अंदाज आहे. गर्भवती स्त्रियांवर त्या रोगाचा विशेष रोख होता आणि किती अर्भकें आईबरोबर गेलीं याची गणति नाहीं. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. नवजाताची तपासणी ही कल्पनाहि जन्मली नव्हती, म्हणून साथीनें ती मोडण्याचा प्रश्नच नव्हता. २०२० सालीं मोडण्याजोगें कांहीं तरी उभें राहिलेलें होतें. मृतांची रोजची संख्या वर्तमानपत्रांत येई. चुकलेल्या लसींचीहि मोजदाद झाली. त्या एका वर्षांत जगांतील दोन कोटी तीस लाख मुलांना नेहमींच्या लसी पुरत्या मिळाल्या नाहींत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें व युनिसेफनें सांगितलें. लस चुकली तर ती मागाहून देतां येते. चुकलेली तपासणीहि मागाहून होते. परंतु मध्यंतरीं गेलेले मेंदूच्या वाढीचे महिने परत येत नाहींत. आणि ही हानि कोणत्याच वहींत मांडली जात नाहीं, कारण जें मूल पाहिलेंच गेलें नाहीं, त्याचें नांव लिहावयाचें कोठें?

प्रगत राष्ट्रेंहि यांतून सर्वस्वीं सुटलीं नाहींत. टाचेच्या रक्ताची तपासणी बहुतेक ठिकाणीं नेटानें चालू ठेवण्यांत आली; श्रवणाची मात्र अनेक ठिकाणीं मागें पडली. जेथें ती प्रसूतीच्या खोलींतच उरकण्याची रीत होती तेथें हानि कमी झाली, आणि जेथें मुलाला पुन्हा दूरवर नेणें भाग होतें तेथें अधिक. जळकोटला यांतून घेण्याजोगा धडा आहे. वाहनें बंद होतात, माणसें दुसरीकडे नेलीं जातात. म्हणून शक्य तितकी तपासणी आई घरीं जाण्यापूर्वीं, प्रसूतीच्याच छपराखालीं व्हावी, आणि तिचें टिपण आईच्या हातीं असावें.

त्या वर्षीं जन्मलेलीं मुलें आतां शाळेच्या पायरीवर आलीं आहेत. वर्गांत हांक मारली असतां न वळणारें, फळ्यावरील अक्षरें डोळे बारीक करून पाहणारें, बोलण्यांत मागें राहिलेलें एखादें मूल त्यांत असेल. त्याला मठ्ठ किंवा हट्टी ठरविण्याआधीं त्याचे कान व डोळे तपासून घ्यावेत. शाळेंत येणारें वैद्यकीय पथक त्यासाठींच आहे. सटवीनें कपाळीं लिहिलेलें पुसतां येत नाहीं, असें जुनीं माणसें म्हणत. महामारीच्या गडबडींत पाहावयाचें राहून गेलें तें मात्र आजहि पाहतां येतें, आणि उशीर झाला तरी त्याचा कांहीं ना कांहीं उपयोग होतोच.