रानचे, रानटी आणि वन्य

इंग्रजीत ‘वाइल्ड’ हे विशेषण एकच. फूल वाइल्ड, डुक्कर वाइल्ड, माणूसही वाइल्ड. मराठीत आणायला गेलो की वाटा फुटतात : रानचे, रानटी, जंगली, वन्य. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाखाली. त्यामुळे हे शब्द इथे कोशापेक्षा तोंडी जास्त भेटतात.

‘रान’ हा घरातला शब्द. सातारा-सांगलीकडे शेतालाही रान म्हणतात. आमच्याकडे शेत म्हणजे वावर आणि रान म्हणजे रानच. रानमेवा, रानभाजी, रानम्हैस यांत कुठे हेटाळणी नाही. कोलामार्क्याला २०१३ साली संवर्धन राखीव क्षेत्र झाले, ते रानम्हशीसाठी. तिला ‘रानटी’ कुणी म्हटले नाही. मागे ‘टी’ लागली की मात्र शब्दाची शिवी होते.

‘जंगल’ची गंमत वेगळीच. आयुर्वेदातला ‘जांगल’ देश म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडांचा. ते नाव इंद्रावतीकाठच्या साग-बांबूच्या दाटीला येऊन चिकटले! पुढे ते फारसी-उर्दूत रुळले आणि अठराव्या शतकात इंग्रजीतही गेले. उर्दूत शेजारीच ‘वहशी’ आहे. बाजारात ती शिवी, पण गझलेत वहशत ही प्रेमिकाची इभ्रत. मजनू बियाबानात जातो तो तिच्यापायीच. घरी एक भाषा आणि कागदावर मराठी, असा माझा संसार असल्याने हा फरक मला कानानेच कळतो.

पण विशेषणे नुसती कवींच्या कामाची नसतात. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा कंपनी सरकारकडे गेला. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके यांना चांद्यात फाशी झाली. इंग्रज अंमलदारांच्या लेखी डोंगरदऱ्यांतले लोक ‘वाइल्ड ट्राइब्ज’ होते. वाइल्ड म्हणजे न नांगरलेले, न मोजलेले, म्हणजे बेवारस, म्हणजे सरकारचे! १८७८ च्या वन कायद्याने ‘राखीव’ हे नवे विशेषण पक्के केले. काल जे रानचे होते, ते आज परवान्यावाचून तोडले की गुन्हा.

मोहाचे झाड घ्या. मोह सहसा कुणी लावत नाही, म्हणून इंग्रजीत तो वाइल्ड. पण वावर काढताना लोक मोह राखतात, आणि कोणत्या झाडाखाली कोणत्या घराने फुले वेचायची हे गावात ठरलेले असते. या झाडाला रानटी कसे म्हणावे?

‘वन्य’ हा मला धुऊन इस्त्री केलेला शब्द वाटतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो शोभतो, माणसाला लावला की खटकतो. ‘वनवासी’ने माणूस कुठे राहतो एवढेच कळते, ‘आदिवासी’त आधी कोण होते तेही येते. मी दुसरा शब्द वापरतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क मान्य केले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. ज्यावर गावाचा वर्षाचा हिशेब चालतो, त्या बांबूला कायद्यात विशेषण आहे ‘गौण’ : गौण वनोपज.