हजेरीपट ते युगांडा : रोटरीच्या बैठकीचा मागोवा

तालुक्याच्या गावातली रोटरी क्लबची बैठक पाहिली, तर तिचा साचा ठरून गेलेला दिसतो. अध्यक्ष टेबलावरची घंटा वाजवतात, आठवड्यात ज्यांचे वाढदिवस झाले त्यांच्यासाठी टाळ्या होतात, सचिव निवेदने करतात, पाहुणे बोलतात, आभारप्रदर्शन होते आणि मंडळी जेवायला उठतात. कोटावर चाकाचा बिल्ला, जुलैत पदग्रहण समारंभ आणि वर्षातून एकदा प्रांतपालांची अधिकृत भेट हेही ठरलेलेच. या साच्याचा उगम शोधायचा, तर आपल्याला रोटरीच्या जन्मगावाच्या, शिकागोच्याही मागे, 1727 सालच्या फिलाडेल्फियापर्यंत जावे लागते. एकवीस वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने तिथे ‘जुंटो’ नावाची मंडळी जमवली. दर शुक्रवारी संध्याकाळी, आरंभी एका मद्यगृहात, छापखानेवाला, काच बसवणारा, मोची असे हाताने काम करणारे लोक भेटत. नियम असा की ठरावीक प्रश्न घेऊन बसायचे : गावात नवे कोण आले, कोणाचा धंदा बुडाला आणि का, आपल्याला कोणाच्या उपयोगी पडता येईल. या बैठकीतल्या चर्चांतूनच 1731 मध्ये वर्गणीचे ग्रंथालय निघाले आणि 1736 मध्ये आग विझवणाऱ्यांचे पथक. स्वतःचा धंदा आणि गावाचे भले एकाच टेबलावर बोलायची ही रीत पुढे विस्मृतीत गेली. रोटरीच्या इतिहासात जुंटोचा उल्लेख क्वचितच होतो. माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा.

आता आपण 23 फेब्रुवारी 1905 च्या रात्री शिकागोला येऊ. डिअरबॉर्न रस्त्यावरच्या युनिटी इमारतीतली 711 क्रमांकाची खोली म्हणजे खाण अभियंता गस्टाव्हस लोअरचे कार्यालय. तिथे वकील पॉल हॅरिस, कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शिली आणि शिंपीकामाचा व्यावसायिक हायरम शोरी जमले. व्हरमाँटमधल्या लहान गावात आजी-आजोबांकडे वाढलेल्या हॅरिसला त्या अफाट शहरात एकटेपणा खात होता. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात भरवायची ठरली, त्यावरून क्लबला नाव मिळाले. प्रत्येक धंद्यातला एकच सभासद घ्यायचा, म्हणजे आपसांत स्पर्धा नको. सभासदांनी एकमेकांना किती गिऱ्हाईक दिले, याची नोंद ठेवायला तर खास पदाधिकारी नेमलेला होता. सेवा हा शब्द अजून कोणाच्या तोंडी नव्हता. हा क्लब एकमेकांचा धंदा वाढवण्यापुरता होता, हे मान्य करायला आजच्या रोटेरियनांनी संकोचू नये.

वळण आणले ते 1906 मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंटच्या वकिलाने. सभासद व्हा म्हणून गळ घातल्यावर त्याने साफ सांगितले, की बाहेरच्या कोणाचेही भले न करणाऱ्या मंडळात मला रस नाही. हॅरिसला ते पटले. मग पहिले लोकोपयोगी काम निवडले ते अगदी जमिनीवरचे : शहराच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृह. विरोध कोणी केला, तर बिअर गाळणाऱ्यांच्या संघटनेने आणि मोठ्या दुकानदारांनी. पुरुषांसाठी गुत्त्यांत सोय आहे, बायकांसाठी दुकानांत आहे, मग वेगळी कशाला, असा त्यांचा सवाल. म्हणजे नैसर्गिक विधीसाठी आधी एक ग्लास विकत घ्यायचा किंवा काही खरेदी करायची! दोन वर्षे खटपट केल्यावर नगरपालिकेच्या इमारतीजवळ ते स्वच्छतागृह उभे राहिले.

दर आठवड्याला भेटण्याचा पायंडा मात्र शिकागोचा नाही. तो पाडला तिसऱ्या क्लबने, 1909 मध्ये स्थापन झालेल्या ओकलंडने. तिथून हजेरी हा जवळजवळ धर्म झाला. लागोपाठ चार बैठका चुकवल्या तर सभासदत्व जाई. परगावी असाल तर तिथल्या क्लबमध्ये बसून ‘मेकअप’ करायचा आणि तिथल्या सचिवाने दिलेली चिठ्ठी आपल्या सचिवाकडे आणून द्यायची. या नियमाची पुष्कळ थट्टा झाली, पण त्यामुळे एक गोष्ट नकळत घडली. ओसाकाचा व्यापारी लंडनमध्ये आणि लंडनचा मुंबईत अनोळखी टेबलावर हक्काने बसू लागला. पुढे दूरदेशी पैसा पाठवायची वेळ आली, तेव्हा त्या गावात दर आठवड्याला हजेरी घेणारे आणि हिशेबाची विचारणा करता येईल असे टेबल आधीपासून मांडलेले होते. परदेशातल्या दानधर्माचा खरा पाया मला या चिठ्ठीत दिसतो.

इथे थोडे थांबून शिकागोच्या क्लबच्या जन्मवर्षातल्या पुण्याकडे पाहू. 12 जून 1905 रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदांनी शपथ घेऊन, तुटपुंज्या निर्वाह-वेतनावर सगळे आयुष्य देशकार्याला वाहायचे होते. शिकागोच्या मंडळींनी माणसाकडे आठवड्यातला एखादा तास मागितला. एकाच वर्षातले हे दोन प्रयोग. गोखल्यांच्या संस्थेने ना. म. जोशींसारखी माणसे दिली, पण तसे आयुष्य वाहणारे थोडेच निघतात. तास देणारे जगभर मिळाले.

परदेशी मदतीचा धागा 1917 मध्ये अटलांटाच्या अधिवेशनात सुरू होतो. क्लीव्हलंडच्या आर्च क्लम्फने जगात भले करण्यासाठी कायम निधी उभारण्याची कल्पना मांडली. पुढच्या वर्षी कॅन्सस सिटीच्या क्लबने त्यात पहिली भर घातली : 26 डॉलर 50 सेंट. निधी कित्येक वर्षे रांगतच होता. 27 जानेवारी 1947 रोजी पॉल हॅरिस वारला आणि त्याच्या स्मरणार्थ जगभरातून देणग्या येऊ लागल्या. त्यांतून त्याच वर्षी परदेशी शिक्षणासाठी 18 जणांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. 1965 पासून जोड-अनुदाने आली : एका देशातल्या क्लबने गरज दाखवायची, दुसऱ्या देशातल्या क्लबने पैसे घालायचे आणि मध्यवर्ती निधीने त्यात भर टाकायची.

भारतात रोटरी आली ती कलकत्त्याला. तिथला क्लब 1920 पासूनचा, मुंबईचा 1929 चा. आरंभी तिथे युरोपीय साहेबांचा वरचष्मा होता. पुढे कलकत्त्याचेच नितीश लाहारी 1962-63 मध्ये जागतिक अध्यक्ष झाले. सभासदांच्या पत्नींना मात्र ‘ॲन’ म्हणून बाजूच्या खुर्च्या होत्या. स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1987 चा निकाल आणि रोटरीचा स्वतःचा 1989 चा ठराव लागला. इतकी हजेरी घेणाऱ्या संस्थेला निम्मी माणसे गैरहजर आहेत हे कळायला 84 वर्षे लागली.

आता परदेशी मदतीच्या धाग्याकडे परत येऊ. 1979 मध्ये फिलिपिन्समध्ये साठ लाख मुलांना पोलिओची लस देण्याचे काम रोटरीने हाती घेतले आणि 1985 मध्ये ‘पोलिओप्लस’ जाहीर केले. तीन वर्षांत 12 कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, जमले त्याच्या दुपटीहून अधिक. 1995 पासून आपल्याकडे पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. बूथवर पिवळ्या टोप्या घातलेले रोटेरियन बाळाच्या डाव्या करंगळीवर शाई लावताना दिसत. देशातला वन्य पोलिओविषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात नोंदला गेला. त्या जुलैत वापीचे कल्याण बॅनर्जी जागतिक अध्यक्षपदी बसले.

दरम्यान मदतीचा प्रवाह उलटाही वाहू लागला होता. चंदीगडचे राजेंद्र साबू 1991-92 मध्ये जागतिक अध्यक्ष होते. 1998 मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय शल्यविशारदांचे पथक युगांडात शस्त्रक्रिया करायला गेले, आणि पुढे आफ्रिकेतल्या इतर देशांतही अशी पथके जात राहिली. घेणाऱ्यांच्या रांगेतला देश देणाऱ्यांच्या रांगेत आला.

2016 मध्ये रोटरीच्या विधिमंडळाने साप्ताहिक बैठकीची सक्ती सैल केली. आता महिन्यातून दोनदा भेटले तरी चालते, तेही ऑनलाइन. मेकअपच्या चिठ्ठीचा दरारा संपल्यात जमा आहे. पण किमान 30,000 डॉलर खर्चाच्या ‘ग्लोबल ग्रँट’चा अर्ज करायचा तर दोन देशांतले दोन क्लब किंवा प्रांत लागतातच, आणि प्रत्येकाने त्या कामासाठी तीन सभासदांची समिती नेमावी लागते.