संघनायकाच्या अधिकाराची कुळकथा

बालवीरांच्या चळवळीत दंतकथांची वानवा कधीच नव्हती. डाव्या हाताने हस्तांदोलन करण्याची चाल आफ्रिकेतील अशांटी सरदारांकडून आली, शिक्षकांच्या गळ्यातील लाकडी मणी झुलू राजा दिनिझुलूच्या कंठमाळेतले, आणि पहिल्या शिबिरात पहाटे वाजलेले कुडू हरणाचे शिंग माटाबेलेंच्या मुलुखातील मोहिमेत हाती लागलेले, अशा कथा शेकोटीभोवती बसलेल्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या ऐकल्या. परंतु ज्या पदावर या चळवळीचा सारा डोलारा उभा राहिला त्या संघनायकाच्या पदाविषयी, म्हणजे सहा-आठ सवंगड्यांच्या जेवणाची, झोपण्याची, शिस्तीची आणि अब्रूची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या पदाविषयी, एकही आख्यायिका रचली गेली नाही. त्याचे कारण शोधू लागलो तर एक काहीशी अवघड गोष्ट पदरी पडते. मुलांच्या हाती अधिकार आला तो वडीलधाऱ्यांच्या औदार्याने क्वचितच. बहुतेक वेळा तो त्यांच्या नाइलाजाने आला, आणि नाइलाज संपताच तो परत घेण्याचे मार्गही त्यांना बिनबोभाट सापडत गेले.

या पदाचा पहिला धागा आपल्याच देशातील एका छावणीत सापडतो. १८७६ साली तेराव्या हुसार्स या रिसाल्यात दाखल होऊन लखनौस आलेला रॉबर्ट बेडन-पॉवेल हा इंग्रज अंमलदार १८९७ साली पाचव्या ड्रॅगून गार्ड्सचा मुख्य म्हणून मीरतला रुजू झाला. हुकूम झाला की घोडा पुढे घालायचा, एवढेच ज्यांना शिकवले होते त्या शिपायांना माग काढणे, रात्री एकट्याने वाट शोधणे आणि पाहिलेल्या गोष्टीवरून अनुमान बांधणे शिकवायचे, तर शेकडोंच्या कवायतीचा उपयोग नाही, हे त्याने ओळखले. आणि म्हणून त्याने लहान लहान तुकड्या पाडून त्या कनिष्ठ नायकांच्या स्वाधीन केल्या. या विद्येत जे उतरले त्यांना होकायंत्रावरील उत्तरदर्शक चिन्हाच्या आकाराचे पदक मिळे. तेच चिन्ह पुढे जगभरच्या बालवीरांच्या छातीवर विराजमान झाले. मीरतच्या अनुभवावर लिहिलेले ‘एड्स टू स्काउटिंग’ हे छोटे पुस्तक १८९९ साली प्रसिद्ध झाले. ते फौजेसाठी होते. मुलांचा त्यात कोठेही संबंध नव्हता.

मुले आली ती मॅफेकिंगला, आणि तीही निव्वळ माणसांच्या टंचाईमुळे. दक्षिण आफ्रिकेतील या आडगावाचा बचाव बेडन-पॉवेलकडे होता. त्याला बोअरांनी १३ ऑक्टोबर १८९९ रोजी वेढा दिला, तो २१७ दिवसांनी, १७ मे १९०० रोजी उठला. तटावर उभे राहू शकेल असा प्रत्येक पुरुष तटावर हवा होता. तेव्हा जासुदी, निरोप पोचवणे, इस्पितळातील किरकोळ कामे यांसाठी गावातील नऊ वर्षांपुढच्या मुलांचे एक पथक लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याने उभे केले. सुमारे चाळीस मुले, अंगावर खाकी गणवेश, आणि त्यांचा मुख्य वॉर्नर गुडइयर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा. त्यांना प्रथम गाढवे दिली होती. पुढे अन्न संपत आले तेव्हा गावाने ती गाढवे खाल्ली आणि मुले सायकलींवरून तोफगोळ्यांच्या माऱ्यात हिंडू लागली. वेढ्यातील टपालासाठी जी तिकिटे गावातच छापली त्यांपैकी एका पेनीच्या तिकिटावर सायकलवर बसलेला गुडइयर आहे, राणीचे चित्र नाही. लष्करी कारभारात एका पोराचे चित्र सरकारी तिकिटावर येणे ही साधी गोष्ट नव्हे. मात्र येथे एक नोंद केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे पथक गोऱ्या मुलांचे होते. त्याच वेढ्यात बरोलाँग लोक लढले, उपाशी राहिले आणि मेले. तेथील न्यायकचेरीतील दुभाषी सॉल प्लाटजे याने त्या दिवसांची रोजनिशी लिहून ठेवली होती, पण ती छापून यायला १९७३ साल उजाडले.

मुलांच्या हातून मुलांचा कारभार चालवण्याची कल्पना इंग्लंडला सर्वस्वी नवी होती असे नाही. टॉमस अर्नोल्डने रग्बीच्या शाळेत वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडे शिस्तीचा अंमल सोपवला होता, आणि बेडन-पॉवेल ज्या चार्टरहाउसमध्ये शिकला तेथेही तीच वहिवाट होती. त्याहीपूर्वीचा एक प्रसंग आपल्या अधिक जवळचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर येथील लष्करी अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली व तीच रीत आपल्या शाळेत आणण्याचा हुकूम केला. हाताखालच्या पंतोजींनी ते होणार नाही असे सांगितले, तेव्हा नाइलाजाने त्याने तो वर्ग आठ वर्षांच्या एका मुलाकडे दिला आणि त्या मुलाने तो चालवून दाखवला. १७९७ साली बेलने या प्रयोगाचे पुस्तक लंडनमध्ये छापले, ती पद्धत इंग्लंडभर पसरली, आणि एल्फिन्स्टनच्या काळी मुंबई इलाख्यातील नव्या शाळांत विलायती शहाणपण म्हणून ती आपल्याकडे परत आली. आमच्या पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांना उजळणी सांगत आलीच होती! बेलपासून संघनायकापर्यंत सरळ वंशवृक्ष काढण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. शाळेतील नायक हा मास्तरांचा हस्तक असतो. तो वर्गावर नेमलेला, वर्गाच्या बाहेरचा. संघनायक आपल्या सहा जणांबरोबर त्याच तंबूत झोपतो आणि करपलेली तीच भाकरी खातो. त्याच्या अधिकाराची जातच निराळी आहे.

हा निराळेपणा प्रथम दिसला तो ब्राउनसी बेटावर. १९०७ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या या बेटावर बेडन-पॉवेलने वीस-बावीस मुले जमवली. काही ईटन-हॅरोसारख्या श्रीमंती शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथ या गावांतील कष्टकऱ्यांची. शिबिराची वर्गणीही पहिल्यांना एक पौंड आणि दुसऱ्यांना साडेतीन शिलिंग अशी निरनिराळी होती, परंतु संघ पाडताना मात्र सर्वांची सरमिसळ केली. कर्ल्यू हा पाणपक्षी, डोमकावळा, लांडगा आणि बैल अशी चार संघांची चार नावे. प्रत्येकाच्या खांद्यावर आपल्या संघाच्या रंगाची फीत, प्रत्येक संघाला आपल्या प्राण्याचा आवाज, आणि नायकाच्या हाती त्या प्राण्याचे चित्र असलेले लहानसे निशाण. ही सारी बाहेरची सजावट झाली. खरी गोष्ट घडे ती रात्री. रोज एक संघ पहाऱ्यावर निघे. कणीक, मांस, चहा वगैरे शिधा घेऊन तो मुख्य तळापासून दूर जाई, आपली चूल आपण मांडी आणि वडीलधाऱ्यांवाचून रात्र काढी. चार नायकांना संघाची जबाबदारी अष्टौप्रहर दिली होती आणि ती पार पाडण्यासाठी त्यांच्यापाशी छडी नव्हती, केवळ त्यांचा शब्द होता.

पुढच्या जानेवारीत ‘स्काउटिंग फॉर बॉईज’चे पाक्षिक भाग चार पेनींना एक या दराने विकले जाऊ लागले, आणि जे घडले त्याची कर्त्याला कल्पना नव्हती. आधीपासून चाललेल्या मुलांच्या संस्थांनी हे पुस्तक वापरावे एवढाच त्याचा हेतू होता. मुलांनी पुस्तक वाचले, खाऊच्या पैशांत काठ्या व टोप्या विकत घेतल्या, आपल्यातलाच एक नायक केला आणि रानात निघून गेली. शिक्षक नंतर आला. पुष्कळ ठिकाणी तर मुलेच गावातील एखाद्या तरुण धर्मोपदेशकाला वा कारकुनाला गाठून आमचे मास्तर व्हा म्हणून त्याची मनधरणी करीत. पथक आधी आणि मग त्याचे भाग म्हणजे संघ, असा क्रम आपण आज सहज गृहीत धरतो. इतिहासात तो नेमका उलटा आहे. संघ वडील आणि पथक धाकटे. १९०९ च्या सप्टेंबरात क्रिस्टल पॅलेसला सुमारे अकरा हजार मुले जमली, त्यांत बोलावणे नसताना बालवीर म्हणवून आलेल्या मुलीही होत्या, तेव्हा या पुराला काठ बांधणे भाग पडले. नोंदणी आली, समित्या आल्या, शिक्षकांना सनदा आल्या. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. १९१२ साली लेस्डाउनजवळ एक होडी उलटून नऊ मुले बुडाली तेव्हा साऱ्या देशाने शोक केला आणि पोरांना मोकळे सोडू नये असे म्हणणाऱ्यांना आधार मिळाला. होडीत प्रौढ माणसेही होती, हा तपशील त्या शोकात बाजूला पडला.

मग महायुद्ध आले आणि गरज पुन्हा दाराशी उभी राहिली. पथकांचे तरुण शिक्षक रणांगणावर गेले, पथके नायकांनी चालवली. किनाऱ्यावरील पहारेकरी नौदलाने उचलले आणि त्यांच्या जागी हजारो बालवीर कड्यांवरच्या चौक्यांत राहून समुद्रावर नजर ठेवू लागले. याच वेळी, १९१४ साली, रोलंड फिलिप्स या लंडनच्या गरीब पूर्व भागात काम करणाऱ्या उमरावपुत्राने संघपद्धतीवर एक पुस्तिका लिहिली. पथकाचे धोरण संघनायकांच्या मानसभेने ठरवावे, शिक्षकाने तेथे सल्ला द्यावा पण हुकूम देऊ नये, आणि मोकळ्या हाताने कारभार केलेल्या नायकाच्या हातून होणाऱ्या चुका सोसाव्यात, हे त्याचे सांगणे होते. बेडन-पॉवेलच्या मूळ पुस्तकात जे सूचनावजा होते त्याला फिलिप्सने राज्यघटनेचे रूप दिले. १९१६ च्या जुलैत, सोमच्या लढाईत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो पडला. माझ्या मते या चळवळीत संघनायकाचा खरा वकील तोच. बेडन-पॉवेल संस्थापक असला तरी सेनापतीचा स्वभाव त्याला शेवटपर्यंत पुरता सुटला नव्हता.

शांततेच्या काळात पद टिकले, अधिकार झिजला. १९१९ साली गिलवेल पार्क येथे शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. तेथे प्रौढांनाच संघांत वाटून संघनायकाचा अनुभव देत, ही कल्पना सुंदर होती, पण तिच्याबरोबर अभ्यासक्रम आणि दाखले यांचे दप्तरही वाढत गेले. इंग्लंडात संस्थेच्या १९६६ च्या सुधारणा-अहवालानंतर आखूड विजारी व रुंद काठाच्या टोप्या गेल्या, संस्थेच्या नावातील ‘बॉय’ हा शब्द गेला, थोरल्या मुलांची रोव्हर शाखा बंद झाली, आणि जुन्या मंडळींनी टोपीसाठी जेवढे अश्रू ढाळले तेवढे मानसभेसाठी ढाळल्याचे दिसत नाही. अमेरिकेत १९७२ साली कार्यक्रमाला आधुनिक करताना रानावनातील विद्या बरीचशी बाजूस सारली गेली. तेथे डेन्मार्कमध्ये जन्मलेला विल्यम हिलकोर्ट नावाचा एक वृद्ध लेखक होता. संघनायकासाठी त्याने १९२९ साली पुस्तक लिहिले होते आणि नायकाच्या बाहीवरील दोन हिरव्या पट्ट्यांवरून ‘ग्रीन बार बिल’ हेच त्याचे लाडके नाव पडले होते. निवृत्तीत बसलेला हा गृहस्थ पुन्हा कामाला लागला, आणि १९७९ च्या हस्तपुस्तिकेतून त्याने रान आणि संघ दोन्ही परत आणले.

भारतातील कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९०९ साली बंगळुरात कॅप्टन बेकरने पहिले पथक काढले. पुढच्या दोन वर्षांत खडकी, लोणावळा, मुंबई, जबलपूर येथेही पथके निघाली. ती सारी युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. चौदा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या शब्दावर विश्वास टाकणाऱ्या साम्राज्याला हिंदी मुलाच्या शब्दावर तो टाकवेना. तेव्हा ज्यांना दार बंद होते त्यांनी आपले घर बांधले. अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासेत, आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ साली अलाहाबादेस सेवा समितीच्या आश्रयाने संस्था काढल्या. कुंभमेळ्यातील हरवलेली माणसे आणि साथीचे रोगी, ही या पथकांची मॅफेकिंगे होती. १९३७ साली बेडन-पॉवेल दिल्लीच्या मेळाव्यास आला, आणि भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्याने काढलेल्या अनुदार उद्गारांवरून असा क्षोभ उसळला की दुसऱ्याच वर्षी हिंदुस्थान स्काउट असोसिएशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा आणि नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या खटपटीने वेगळ्या चुली मोडल्या व ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच संस्था झाली.

महाराष्ट्रात बालवीर आणि वीरबाला शाळेच्या आश्रयाने वाढले, आणि आश्रयाची किंमत द्यावी लागतेच. पथक शाळेचे, शिक्षक शाळेचे, मुले बहुधा एकाच इयत्तेची. वयाचे जे अंतर थोरल्याला धाकट्याची काळजी घ्यायला लावते ते येथे उरतच नाही. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा संघनायक होतो, खऱ्या कमाईच्या आठवड्यात कार्डे वाटतो, ध्वजवंदनाला खणखणीत आवाजात आज्ञा देतो, राज्य पुरस्काराच्या चाचणीस बसतो. गाठी, टाळ्या, गणवेशाच्या घड्या सारे कसे चोख. त्याला एखादा निर्णय मात्र कोणी मागत नाही. मानसभा भरते. तिचे इतिवृत्त संघनायकांपैकीच एकाने लिहावे असा जुना दंडक आहे. मी पाहिलेल्या पथकांत ते बहुधा शिक्षकांच्या सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असे, तपासणीच्या आदल्या दिवशी, आणि खाली नायकांच्या सह्या घेतलेल्या असत.