'लेथर्जी' : एका शब्दाचें चरित्र

पेंग, गुंगी, सुस्ती या अर्थाचे शब्द इंग्रजींत पुष्कळ आहेत. पैकीं 'लेथर्जी' या एकाच शब्दाविषयीं आज बोलण्याचें मीं ठरविलें आहे, आणि त्याला कारण माझ्या मास्तरकींतलें आहे. एका वर्षीं सातवीच्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकांत, शेऱ्याच्या रकान्यांत, मीं हा शब्द इंग्रजी लिपींत लिहिला. तो मुलगा तासाला पेंगत असे. हांक मारली कीं दचकून उभा राही, आणि काय विचारलें होतें तें विसरलेला असे. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. परंतु सांपडलेला भारदस्त शब्द वापरण्याचा मोह आंवरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील पुस्तक घेऊन आले. "गुरुजी, हें काय लिहिलंय तें जरा सांगा," म्हणाले. मीं सांगितलें, "आळशी." दोन महिन्यांनीं त्यांनींच मला दवाखान्यांतला कागद दाखविला. मुलाच्या अंगांत रक्त फारच कमी होतें, आणि डॉक्टरांनीं लिहिलेल्या लक्षणांत पहिलाच शब्द होता तो माझाच! तेव्हांपासून या शब्दाचें कूळ शोधण्याचा मला नाद लागला.

शब्द मूळचा ग्रीक. 'लेथे' म्हणजे विस्मृति आणि 'आर्गोस' म्हणजे निष्क्रिय, अशी त्याची परंपरागत फोड आहे. 'आर्गोस' हाही जोडशब्दच. 'एर्गोन' म्हणजे काम, आणि त्याच्या आधीं नकाराचा 'अ'. आपल्या 'अकर्मण्य' शब्दाची घडण थेट अशीच आहे. इंग्रजी 'वर्क' हा त्या 'एर्गोन'चा भाऊबंद. १८९४ सालीं रॅले व रॅम्झी या शास्त्रज्ञांना हवेंत एक वायु आढळला. तो कशाशींच संयोग पावेना, म्हणून त्यांनीं त्याचें नांव याच शब्दावरून 'आर्गॉन' ठेवलें. 'लेथे' हें तर पाताळांतील एका नदीचेंही नांव. रोमन कवि व्हर्जिल याच्या महाकाव्याच्या सहाव्या सर्गांत, पुन्हां देह धारण करूं पाहणारे जीव तिचें पाणी पितात आणि गतजन्म विसरतात. जातां जातां एक गंमत सांगतों. प्राणघातक या अर्थाचा इंग्रजी 'लीथल' हा शब्द या कुळांतला नव्हे. लॅटिनमध्यें मृत्यूला 'लेटुम' म्हणत. लोकांनीं त्याचा संबंध या नदीशीं जोडला आणि नसता 'ह'कार त्यांत घुसडला. चुकीची व्युत्पत्ति शुद्धलेखनही बिघडविते तें असें.

सारांश, मूळ शब्दांत विसरणें आधीं आणि काम न करणें मागाहून. शिवाय प्राचीन वैद्यांच्या लेखीं हा स्वभावाचा दोष नव्हताच. तो एक तीव्र, ज्वरयुक्त रोग होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत सेल्सस या रोमन ग्रंथकारानें त्याचें वर्णन केलें आहे. रोग्याला अनावर झोंप येते, आणि वेळींच उपचार न झाल्यास तो लवकर दगावतो. उपाय काय, तर जळतें डांबर, न धुतलेली लोंकर, मिरीं, लसूण, कांदा असले उग्र पदार्थ हुंगवावयाचे, शिंका आणावयाच्या, आणि अंगावर एकदम थंड पाणी ओतावयाचें. पेंगणाऱ्या मुलाच्या तोंडावर पाणी मारणारे मास्तर मीं पाहिले आहेत. त्यांची परंपरा इतकी जुनी असेल असें वाटलें नव्हतें. मात्र सेल्सस रोग्याला जागें करीत होता, शिक्षा करीत नव्हता.

या रोगाचें मनाच्या ठिकाणीं रूपक कसें झालें, याचें उत्तम उदाहरण बोएथियस याच्या ग्रंथांत आहे. हा रोमचा थोर राजकारणी. थिओडोरिक राजानें राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला बंदींत टाकलें आणि सुमारें ५२४ सालीं देहदंड दिला. बंदीवासांत लिहिलेल्या ग्रंथांत तत्त्वविद्या स्त्रीरूपानें त्याच्यापाशीं येते, नाडी पाहिल्यासारखें निदान करते आणि धीर देते कीं भिण्याजोगें कांहीं नाहीं. याला 'लेथार्गोस' झाला आहे, हा स्वतःला क्षणभर विसरला आहे. या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १३८० च्या सुमारास चॉसरनें केलें, आणि त्यांत हा शब्द 'लिटार्जी' अशा रूपानें आला. म्हणजे इंग्रजींत पाऊल टाकतांनाच त्याच्यापाशीं देहाचा आणि मनाचा असे दोन्ही अर्थ होते. शेक्सपियरच्या 'कोरिओलेनस' नाटकांत तर एक नोकर शांततेच्या काळालाच हें दूषण देतो! येथून पुढें माणसें, सभा, कचेऱ्या, राष्ट्रें, सर्वांना हा शब्द लावूं लागले, आणि लावणाराच्या स्वरांत दयेपेक्षां दोषारोप अधिक येऊं लागला.

वैद्यांनीं मात्र शब्द सोडला नाहीं. १८०३ सालीं विंटरबॉटम या इंग्रज डॉक्टरानें सिएरा लिओनच्या बाजूस आढळणाऱ्या एका झोंपेच्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत मानेमागच्या गांठी सुजत; गुलामांचे व्यापारी ती खूण ओळखत आणि असा माणूस विकत घेत नसत. त्या रोगाला युरोपीय लोक 'आफ्रिकन लेथर्जी' म्हणत. पुढें युगांडांतील सांथींत, १९०२ मध्यें कास्टेलानीला रोग्याच्या मज्जारसांत सूक्ष्म जंतु दिसले, आणि १९०३ मध्यें डेव्हिड ब्रूस यानें त्यांचा संबंध त्सेत्से माशीशीं जोडला. ज्याला लेथर्जी म्हणत होते तो एका माशीचा दंश होता.

१९१७ सालीं व्हिएन्नांत फॉन इकोनोमो यानें मेंदूच्या एका नव्या दाहाला या शब्दावरूनच नांव दिलें. पुढील दहा वर्षांत त्याची सांथ जगभर पसरली. कांहीं रोगी आठवडेच्या आठवडे झोंपत. कांहींची झोंप मात्र पार उडे. दोन्ही प्रकारच्या मृतांचे मेंदू तपासून इकोनोमोनें ताडलें कीं झोंपेचें आणि जागेपणाचें स्थान मेंदूंत वेगवेगळें असावें. वांचलेल्यांपैकीं अनेक जण पुढें वर्षानुवर्षें पुतळ्यासारखे बसून राहिले. १९६९ सालीं न्यू यॉर्कमध्यें ऑलिव्हर सॅक्स यानें अशा रोग्यांना 'एल-डोपा' हें नवें औषध दिलें आणि ते हालूं-बोलूं लागले. १९७३ च्या त्याच्या पुस्तकांत एका स्त्रीची हकीकत आहे. ती जागी झाली तेव्हां १९२६ सालच चालू असल्याप्रमाणें बोलत होती. दुर्दैवानें औषधाचा तो गुण पुष्कळांच्या बाबतींत टिकला नाहीं.

मराठींत या शब्दाला काय म्हणावें? 'सुस्ती' फारसींतून आलेली, 'आळस' म्हटलें कीं दोष आला. पतंजलींनीं योगसूत्रांत चित्ताचे नऊ विक्षेप सांगितले आहेत; त्यांत व्याधि पहिली, स्त्यान दुसरें आणि आलस्य पांचवें. स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, असा अर्थ व्यासभाष्य देतें. तीन गोष्टी तेथें तीन जागीं ठेविल्या आहेत; मीं त्या सातवीच्या वर्गांत एका शब्दांत कोंबल्या. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या बालोपचाराच्या मार्गदर्शिकेंत, मूल 'लेथार्जिक' दिसणें हें फिट येणें, कांहींही पितां न येणें यांच्या पंक्तीला बसविलें आहे. अशा मुलाला विनाविलंब रुग्णालयांत न्यावें असा तेथें नियम आहे.

तें प्रगतिपुस्तक वर्षअखेरीस पुन्हां माझ्या टेबलावर आलें. लिहिलेला शेरा खोडावयाचा नाहीं असा शाळेचा दंडक होता. त्याच्याखालीं मीं मराठींत लिहिलें, 'मुलगा आजारी होता. शिक्षकांच्या ध्यानीं आलें नाहीं', आणि तारीख घालून सही केली.